तिसरं नाव

“उत्तरेची ही एवढी भिंत मात्र अस्सल आहे,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर सही करायला पेन उघडलं.

पुरातत्त्व खात्याच्या या बाई सकाळपासून टेकडीवरचा पडका किल्ला तपासत होत्या. बुरूज ढासळलेले, दरवाजा जळका, महालाचं नुसतं जोतं उरलेलं. वेढा घालणाऱ्या सेनापतीने किल्ला जाळला होता आणि पुढे खालच्या गावाने दगड वाहून नेऊन तुरुंग बांधला, पूल बांधला. सातशे वर्षांत पुरुषभर उंच अशी ही एकच भिंत उरली होती.

म्हातारा गवंडी शिडी धरून उभा होता. चाळीस वर्षांपूर्वी ही भिंत काटेरी झुडपांत आडवी पडली होती. त्याच्या बापाने तीन उन्हाळे खपून तिचा एकेक दगड हुडकला आणि पुन्हा रचला. कागदोपत्री ठेकेदाराच्या नावावर नुसतं झुडपं तोडल्याचं काम लागलं. पायथ्याच्या फलकावर दोनच नावं राहिली, किल्ला बांधणाऱ्या सरदाराचं आणि तो जाळणाऱ्या सेनापतीचं. “जाळणाऱ्यालासुद्धा जागा आहे, लेका, मला तेवढी नाही,” असं बाप मरेपर्यंत म्हणत राहिला. आज बाईंची सही झाली की भिंत कायमची सरदाराची होणार होती.

“बाई, ही माझ्या वडलांनी बांधलीय.”

बाईंच्या हाताखालच्या मुलीला हसू आवरेना. “काका, तुमचे वडील सातशे वर्षांचे होते की काय?”

“नव्हते. दिसायचे तेवढे.”

शिडी सोडून तो पुढे झाला. खालून सातवा थर, डावीकडून तिसरी दगडाची चीप. छिन्नीचे दोन हलके ठोके देऊन त्याने ती ओढून काढली. आतल्या चुन्यावर पंजा उमटलेला होता. अंगठा आणि तीनच बोटं. चौथं याच भिंतीच्या दगडाखाली चिरडलं होतं. उरलेला हात बापाने ओल्या चुन्यावर दाबून ठेवला होता. त्याला सही येत नव्हती.

बाई कितीतरी वेळ वाकून बघत राहिल्या. “मी तर ही अस्सल म्हणून पुस्तकात छापून बसलेय,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग ताठ झाल्या. “इतका सफाईचा हात मी पाहिला नाही, काका. नाव सांगा त्यांचं. पूर्ण.”

त्याने आजोबांच्या नावासकट सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं.

“फलकावर येईल का हो?”

“आता यावंच लागेल.”

गवंड्याने तोंड फिरवून बाहीने डोळे पुसले.

नियम बाईंनी टेकडी उतरताना सांगितला. नवं काम जुन्यापासून वेगळं ओळखू आलं पाहिजे. दोन्हींच्या मध्ये विटेची बारीक रेघ तरी हवी. बापाने रेघ सोडली नव्हती. सांधा कुणाला दिसू नये, यासाठीच तर तो तीन उन्हाळे खपला होता. भिंत उतरवावी लागणार होती.

दुसरं कुणी असतं तर दगड फुटले असते, म्हणून ते काम गवंड्यानेच घेतलं. नऊ दिवस लागले. बापाचा चुना दगड सोडायला तयार नव्हता.

महिन्याभराने नवा फलक आला. तोही बसवायला त्यालाच बोलावलं. त्याने बापाचा ओळंबा लावून फलक सरळ केला, चारही बोल्ट आवळले आणि धूळ पुसून वाचायला घेतलं. किल्ला बांधणारा, सरदार. किल्ला जाळणारा, सेनापती. त्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, उत्तरेची बनावट भिंत उभारणारा: त्याचा बाप.

“नाव बरोबर आलंय ना, काका?” बाईंनी विचारलं.

“नाव बरोबर आहे,” गवंडी म्हणाला.