बकुळीच्या वाट्याचं पाणी

टँकर येणार नाही हे कळलं, तेव्हा नाहिद दोन्ही बकुळींच्या मधोमध उभी होती. कोठीच्या हौदात तळाला उरलेलं पाणी एकाच झाडाला पुरलं असतं.

अंबडजवळची ती जुनी जहागिरदाराची कोठी आणि तिची बाग गावातले काही स्वयंसेवक सांभाळत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून नाहिद दर रविवारी तिथे यायची. बागेच्या मागच्या अंगाला, वारलेल्या माणसांच्या नावाने झाडं लावायची रीत पडली होती. झाड वाळलं की नावाची पाटी निघायची आणि जागा दुसऱ्या कुटुंबाला मिळायची. हा नियम नाहिदनेच सुचवलेला.

एक बकुळ तिच्या मुलाची, फहीमची. वडीगोद्रीजवळ हायवेवरच्या अपघातात तो गेला होता. शेजारची रितिकाची. तिचे वडील मूलचंद शेठ भुसार मालाचे व्यापारी. आई लाडबाई दर रविवारी पदर खोचून आळं मोकळं करत, खोडाची वाळवी झाडत.

त्या फार बोलत नसत. पोरीला ताप आला होता, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. तिचे कपडे, पुस्तकं, सगळं शेठनी देऊन टाकलं; तिचं नाव घरात काढलेलं त्यांना खपत नाही, हे एकदा असंच बोलता बोलता निघालं. कुठे दहन केलं, असं नाहिदने विचारलं तर त्या म्हणाल्या, तिथे बायांना कोण नेतं. नाहिदने पुढे काही विचारलं नाही. फहीमचा जनाजा निघाला तेव्हा तीही उंबऱ्यापर्यंतच गेली होती.

“भाभी, पाणी एकाच झाडापुरतं हाय,” नाहिद म्हणाली.

“मंग फहीमला घाला,” लाडबाई खाली बघत म्हणाल्या. मग त्यांनी हळूच म्हटलं, “तिचं नाव मला इथंच घेता येतं, आपा.”

नाहिदच्या घरी फहीमचा मोठा फोटो होता. त्याच्या बहिणी त्याच्या खोड्या आठवून अजून हसत. तिने बादली रितिकाच्या आळ्यात रिकामी केली.

पुढच्या रविवारीही तिने तेच केलं, आणि त्याच्याही पुढच्या. पाऊस लागेपर्यंत फहीमची बकुळ सुकून काटकी झाली होती. नाहिदने स्वतःच्या हाताने पाटी उपटून पिशवीत घातली. लाडबाई तिच्या पायाशी वाकल्या, तेव्हा ती म्हणाली, “उठा भाभी. माझे गुडघे गेलेत, मला वाकून उठवता यायचं न्हाई.” त्या रडता रडता हसल्या. नाहिद मात्र घरी जाऊन बराच वेळ ती पाटी मांडीवर घेऊन बसली.

दिवाळीनंतर वर्षश्राद्धाला मूलचंद शेठ नातेवाईक घेऊन आले. हार घातलेला फोटो बुंध्याला टेकवला गेला. शेठनी सगळ्यांदेखत नाहिदला हात जोडले. तुमच्यामुळेच झाड जगलं मॅडम, असं ते म्हणाले, आणि खर्च काही असेल तर सांगा, हेही.

तेवढ्यात वाटेने एक मुलगी आली. तोंडाला स्कार्फ, कडेवर तान्हं बाळ. कोठी पाहायला आलेली असेल म्हणून नाहिद लगबगीने पुढे गेली. या बाईंच्या लेकीचं श्राद्ध चाललंय, जरा थांबा, असं तिने हळू आवाजात सांगितलं. मुलगी थांबली. फोटोकडे बराच वेळ बघत राहिली. मग नाहिदला ओलांडून लाडबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

“काय झाल्तं तिला?”

लाडबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. शेठनी झाडावरची नजर काढली नाही.

“ताप आल्ता,” लाडबाई म्हणाल्या.

मुलीने स्कार्फची गाठ सोडली.

“मंग माँ,” बाळ पुढे धरत ती म्हणाली, “ह्याला कुणाचा नातू म्हणू?”