गैरहजेरीचा शब्द

रेल्वेचं विधेयक एका मतानं मंजूर झालं. सहकाऱ्यांनी आमदार अमॉस पेल्हमच्या कोटाला विजयाची लाल फीत लावली. समोरच्या बाकावर विरोधी पक्षाच्या क्रेनची जागा रिकामी होती. तिकडे बघायचं अमॉसनं टाळलं.

ओहायोच्या विधानसभेत तेव्हा एक रीत होती. एकाला घरच्या आजारपणामुळे मतदानाला येता येत नसेल, तर विरोधी पक्षाचा एक जणही आपणहून घरी राहायचा, म्हणजे दोन्हीकडचं एकेक मत कमी होऊन फिट्टंफाट. अमॉसची बायको हेस्टर तापानं फणफणली, तेव्हा क्रेननं आणि त्यानं एकमेकांना तसा शब्द दिला होता. पण सकाळी पक्षाची माणसं बग्गी घेऊन दारात आली. हेस्टर ग्लानीत होती. 'जाऊन येऊन तासाभराचं काम,' म्हणत अमॉस निघाला.

परत येऊन घरात शिरला, तर खाटेशी बसून क्रेन हेस्टरच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होता. अमॉसचा हात आपसूक फितीवर गेला.

"हळू, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा," क्रेन कुजबुजला. "मीही घरीच, म्हटलं तुमच्या सोबतीला बसावं. तुम्ही दिसला नाहीत, तेव्हाच ओळखलं कुठे गेलात." त्यानं दाराकडे पाहिलं. "डॉक्टर मागून येतायत ना?"