राणीचं वाक्य

नाटकमंडळीत पूर्वापार रिवाज असा, की ग्रीक शोकांतिकेतली राणीसुद्धा पुरुषानेच मुखवटा चढवून रंगवायची. मंडळीतल्या एका बाईचा नवरा राणी होऊन गर्जायचा आणि अडखळला की ती विंगेतून पुढचं वाक्य कुजबुजायची. यंदा ती नगरपालिकेवर निवडून आली, तरी सभेत तिच्या वतीने तोच बोलायचा. आज मुलींच्या शाळेची जागा गोदामाला द्यायचा घाट घातला होता. खिडकीतून आलेल्या दुपारच्या उन्हात सभागृहातल्या खुर्च्यांच्या जागी तिला ग्रीक नाट्यगृहाच्या दगडी पायऱ्या दिसू लागल्या. नवऱ्याने तालमीतून आणलेला मुखवटा टेबलावर जणू श्वास घेत होता. "आमच्या हिचं म्हणणं असं, की..." नवरा अडखळला आणि सवयीने तिच्याकडे कान करून थांबला. ती कुजबुजली नाही, उठली. "शाळा तिथून हलणार नाही!" अध्यक्ष दचकले, "बाई, जरा हळू!" मुखवटा नवऱ्याच्या मांडीवर ठेवत ती म्हणाली, "वीस वर्षं हळूच बोलत आलेय."