खुर्ची धरून ठेवा

"आलोच हं, खुर्ची धरून ठेवा!" पलंगावरचे सासरे म्हणाले आणि पाहुण्यानं टाळ्या पिटल्या.

"वा! तीच फेक! अहो काका, आम्ही अजून खुर्ची धरूनच बसलोय. तुम्ही गायब झालात कुठे?"

दारात ओले हात पुसत उभ्या असलेल्या सुनेला ते वाक्य वेगळंच ऐकू आलं. 'आलोच' लांबलं होतं. म्हणजे लघवीचं भांडं हवं होतं.

अर्धांगाचा झटका आला तेव्हा सासऱ्यांची सगळी भाषा गेली. सिनेमातला विनोदी नट म्हणून हजारदा म्हटलेलं हे एकच वाक्य तेवढं जिभेला चिकटून राहिलं. तहान लागली तरी तेच, पाय ठणकला तरी तेच. ज्या वाक्यावर लोक थिएटर डोक्यावर घ्यायचे, त्यावर या घरात कुणी हसत नसे. ते कसं म्हटलंय यावरून काय हवंय ते ओळखायला सून शिकली होती. त्यांचा सख्खा मुलगा अजून शिकत होता. म्हणजे शिकत नव्हता.

पाहुण्याला त्यानंच बोलावलं होतं. पडद्यावरून नाहीसे झालेले नट शोधायचे आणि त्यांचे व्हिडिओ जगाला दाखवायचे, हा पाहुण्याचा छंद. जसे काही हे लोक जत्रेत हरवले होते! सासरे हरवले नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं होतं. वाकडं झालेलं तोंड दिसू नये म्हणून दूधवाला आला तरी ते भिंतीकडे वळत. आज मुलानं उशा लावून त्यांना मोबाईलसमोर बसवलं होतं.

"जरा सरका, त्यांना लागलीय," सून पुढे होत म्हणाली.

"थांब गं," नवरा दबक्या आवाजात म्हणाला. "किती दिवसांनी बाबांकडे कुणी आलंय. रंगात आलेत बघ."

"रंगात? अहो, त्यांना..."

"वहिनी, दोनच मिनिटं! काका, परत एकदा. डोळे जरा मोठे करून."

सासऱ्यांचे डोळे मोठे झाले, पण ते याच्या सांगण्यावरून नव्हे. चांगला हात त्यांनी पांघरुणावर आपटला. "आलोच हं! खुर्ची... धरून ठेवा!"

पाहुणा खो खो हसला. नवराही हसला. सुनेला शिसारी आली. पाहुणा निदान परका होता.

ती नवऱ्याला ढकलून पलंगापाशी गेली, पण उशीर झाला होता. चादरीवर ओल पसरत गेली, खोलीत वास भरला. सासऱ्यांनी मान भिंतीकडे वळवली.

पाहुण्यानं नाकाला रुमाल लावला. दुसऱ्या हातातला मोबाईल मात्र तसाच रोखलेला होता.

"बंद करा ते."

"हो, हो. पण वहिनी, लोकांना कळायला नको का, काका कुठल्या हालात आहेत? प्रेम आहे हो लोकांचं."

तिनं दोघांनाही बाहेर काढलं. सासऱ्यांना पुसलं, कोरडे कपडे घातले, चादर बदलली. ते तिच्याकडे बघेनात. "मीच थांबवायला हवं होतं," ती म्हणाली. मग ओल्या चादरीचं बोचकं काखेत मारून ती बाहेर आली.

पाहुणा गेला नव्हता. मोबाईल गळ्यातल्या दोरीला अडकवून तिचीच वाट बघत होता.

"वहिनी, शेवटची विनंती. काकांची एखादी वस्तू मिळेल? आठवण म्हणून. अंगाला लागलेली असली तर फारच उत्तम. चाहते जीव टाकतात अशा गोष्टींवर."

सुनेनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि बोचकं त्याच्या पुढे केलेल्या दोन्ही हातांत ठेवलं.

"घ्या. आजच्याच प्रयोगातली आहे."

देवळातला प्रसाद घ्यावा तसं त्यानं ते घेतलं, आणि मग त्याचा चेहरा आंबला. धरवेना आणि टाकवेना.

"अगं, हे काय करतेस?" नवरा ओरडला.

तिनं पाहुण्याच्या गळ्यातला मोबाईल दोरीतून सोडवला. त्यावर चित्रण अजून चालूच होतं. तिनं तो नवऱ्याच्या हातात दिला.

"आजचं सगळं काढून टाका. चादरी मी बदलते, तुम्ही एवढं तरी करा."

नवऱ्यानं चित्रण थांबवलं आणि व्हिडिओ लावून बघितला. हसणारा आपलाच आवाज त्याला त्यातून ऐकू आला असावा, कारण त्याची मान खाली गेली. मग त्यानं एकेक करून सगळं पुसलं. पाहुणा चादर धरून उभा होता.

आतलं दार सताड उघडं होतं. सासऱ्यांनी मान भिंतीकडून केव्हाच इकडे वळवली होती.

"आलोच हं, खुर्ची धरून ठेवा!"

नवरा दचकला. "काय हवंय त्यांना?" त्यानं बायकोला विचारलं. आजवर कधी विचारलं नव्हतं.

"काही नको," सून म्हणाली. "हसतायत ते."