एकशे बारावं घर

"जरा तुमच्या बाजूनं उचला," कानिफनाथ म्हणाला. डॉक्टर धवल यांनी कपाळाला आठ्या घालत दिवाण उचलला. विजयाबाई दारातच उभ्या राहिल्या.

कानिफनाथ गुडघ्यांवर बसला. मोबाईलचा उजेड त्याने भिंतीवर खालून वर फिरवला. एका कोपऱ्यात कुणी कबड्डीचे गुण मांडले होते, वर कुणीतरी 'आईची आठवण येते' असं लिहिलं होतं. बाकी भिंत कोरी होती.

"न्हाई," तो म्हणाला आणि उठला.

एकशे अकरा घरं झाली. त्याच्या हिशेबी हे शेवटचं.

राहुरीबाहेर कालव्याला लागून हे क्रीडाग्राम आठ वर्षांपूर्वी उभं राहिलं, ते राज्यभरातून आलेल्या शाळकरी खेळाडूंच्या आठ दिवसांच्या मुक्कामासाठी. स्पर्धा संपल्या की घरं करायची, हे तेव्हाच ठरलेलं. म्हणून बाहेरच्या भिंती दाबलेल्या मातीच्या विटांच्या, ऐन मे महिन्यातही गार. आंघोळीचं पाणी कर्दळीच्या वाफ्यांतून गाळून झाडांना जायचं. आणि आतल्या भिंती उसाच्या चिपाडाच्या, स्क्रूने बसवलेल्या. स्पर्धेनंतर स्क्रू काढले, दोन खोल्यांची एक केली आणि निघालेल्या भिंती जिथे लागतील तिथे बसवल्या. खिळासुद्धा वाया गेला नाही म्हणून रचनाकाराला पारितोषिक मिळालं. कुठली भिंत कुठल्या घरात गेली, हे मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. एवढी अक्कल पारितोषिकवाल्यांना कुठली!

त्या भिंतींना रंग द्यायचा नाही, असा सोसायटीचा नियम होता. त्यामुळे पोरापोरींनी जे खरडलं होतं ते सगळं तसंच राहिलं होतं, कुठे सोफ्यामागे, कुठे देवघरामागे.

कानिफनाथ सोसायटीचा दुरुस्तीवाला. तीन वर्षांपूर्वी विजयाबाई राहुरीच्याच शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन इथे राहायला आल्या आणि दोन-चार महिन्यांत त्यांचा नळ गळायला लागला. नळ दुरुस्त झाल्यावर त्यांनी त्याला चहा दिला. चहा पिता पिता तो बोलला.

"माझी सुकन्या हितं आल्ती, बाई. तीन हजार मीटरला. शर्यतीच्या आदल्या सांजंला फोन केला तिनं. म्हनली, अप्पा, माझ्या खाटंजवळच्या भिंतीवर तुमच्यासाठी कायतरी लिवलंय. काय त्ये सांगनार न्हाई, उद्या येऊन वाचा." त्याने कप खाली ठेवला. "मी तवा साखर कारखान्यात बॉयलरवर हुतो. हंगाम चालू. रजाच दिली न्हाई. तिला म्हनलं, फुडच्या वेळंला नक्की येतो."

पुढची वेळ आलीच नाही. दोन महिन्यांनी पोर डेंग्यूने गेली.

विजयाबाईंच्या हातातला कप तसाच राहिला. त्यांच्या झोपायच्या खोलीत, अगदी खाली, पेन्सिलीने लिहिलेलं त्या रोज केर काढताना वाचत होत्या:

'आज धावले. पहिली आले. अप्पा आलेच नाहीत. आता कधीच बोलावणार नाही. – सुकन्या'

तो गेल्यावर त्यांनी भांडी घासायला येणाऱ्या सविताला हाताशी धरलं आणि लोखंडी कपाट सरकवून त्या भिंतीला लावून टाकलं. हे वाचून कुठल्या बापाचं काळीज जागेवर राहील?

मग त्याच्याबरोबर घरोघरी जायचं कामही त्यांनीच अंगावर घेतलं. निम्म्या सोसायटीने त्यांच्या छड्या खाल्लेल्या, त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. दर गुरुवारी एक घर. नंतर बाईंकडे आल्याचा चहा. वरदचा, त्यांच्या मुलाचा, परदेशातून रविवारी फोन यायचा तोही पाच मिनिटांचा. त्यामुळे खोटं कशाला बोला, बाई गुरुवारची वाट बघायच्या. सुकन्या गावच्या कालव्याच्या कडेने अनवाणी पळायची, चिंचा मीठ लावून खायची, हे सगळं त्यांना पाठ झालं होतं. न पाहिलेल्या त्या मुलीची त्यांना आता आठवण यायची.

दुसऱ्यांच्या घरांत कानिफनाथ भरलेली कपाटंही हलवायचा. बाईंच्या घरी मात्र त्याने कधी कपाटाला हात लावला नाही. बाईंसमोर संकोचत असेल, असं त्या स्वतःला समजवायच्या. दर वेळी त्यांना हायसं वाटायचं आणि दर वेळी स्वतःची लाज वाटायची.

डॉक्टरांच्या घरातून बाहेर पडल्यावर कानिफनाथ जिन्यात थांबला.

"झालं, बाई. आता हितं काय ऱ्हायलं न्हाई. येक तारखेपासून नोकरी सोडतो. नेवाशाला, गावाकडं जातो."

विजयाबाईंना पुढचे सगळे गुरुवार दिसले. पण त्याहून जास्त दिसले त्याचे रिकामे हात. मुलीचं एक अक्षरही न वाचता हा माणूस जाणार आणि ते आपल्यामुळे.

"एक घर राहिलंय," त्या म्हणाल्या. "माझं."

"ऱ्हाऊ द्या, बाई."

"नाही. चला."

झोपायच्या खोलीत येऊन त्यांनी कपाटावर हात ठेवला. "मी लपवलं, कानिफनाथ. तीन वर्षं. तुम्हाला सोसवणार नाही म्हणून. आणि... तुम्ही यायचे थांबाल म्हणूनही. मला माफ करा."

दोघांनी मिळून कपाट सरकवलं. पेन्सिलीची अक्षरं उघडी पडली. कानिफनाथ खाली बसला नाही. त्याने मोबाईलचा उजेडही लावला नाही. विजयाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"रडू नगा, बाई," तो म्हणाला. "ह्ये शर्यत झाल्यावरचं हाय. तिचा फोन आदल्या सांजंचा हुता. मी त्ये आदलं हुडकत हुतो."

मग वाकून त्याने अक्षरांवरची धूळ अंगठ्याने पुसली.

"ह्ये तर तुमी ऱ्हायला यायच्या आदीच, घर रिकामं हुतं तवा वाचलंय. वाचलं, म्हून तर हितं नोकरीला लागलो."