सहावं पुस्तक

दुकानदारानं निवडायला दिलेली पाच पुस्तकं मी टेबलावर आपटली. सगळ्यांत हाडांची चित्रं आणि कुठे हात लावून आसन सुधारावं याचे बाण. पण वृक्षासनात आमच्या शाळेतली स्वरूपा उजवीकडेच का कलंडते, हे एकातही नाही.

अंधशाळांची योगस्पर्धा शनिवारवर आली होती. पुस्तकात पाहून मी तिची कंबर डावीकडे ढकलली, तर ती डावीकडे पडली.

“बाई, मला नका नेऊ. माझ्यामुळे शाळा हरेल.”

“गप गं. सहावं पुस्तक मागवते.”

“पुस्तक कशाला? तुम्हीच करून दाखवा, मी बघते.”

आमच्या मुली हातांनीच बघतात. मी वैतागूनच एका पायावर उभी राहिले. तिची बोटं घोट्यापासून गुडघ्यावर, मग कमरेवर आली आणि तिथेच थांबली.

“अय्या, बाई, तुम्हीपण उजवीकडेच झुकलाय!”

तीन वर्षांपूर्वी हे आसन ती असंच, मला चाचपून शिकली होती. आणि मी चूक तिच्या हाडांत शोधत होते.

“आता हलायचं नाही हं! शनिवारपर्यंत दोघींना सरळ व्हायचंय,” हुबेहूब माझ्यासारखं दरडावत तिनं माझी कंबर सरळ केली.