झांजा

सोसायटीच्या नवरात्रात आरती टिपेला पोचली आणि झांजा अगदी कानाशी वाजू लागल्या, तशी माझी लेक मृण्मयी कान दाबून झुलायला लागली. आवाज सोसेनासा झाला की ती अशीच झुलते.

"हिच्या अंगात आलंय," परचुरेकाकू म्हणाल्या. बायका रांग लावून तिच्या पाया पडू लागल्या.

"मी देवी नाही," मृण्मयी म्हणाली.

"खरी देवी असंच म्हणते," काकूंनी निकाल दिला.

गेल्या वर्षी "पोरीला आवरा, नाहीतर घरी ठेवा" असं मला सुनावणारे अध्यक्ष काळसेकर आता हात जोडून पुढे आले. "आई, आमचं काय चुकलं?"

"आवाज फार आहे. झांजा बंद करा."

झांजा थांबल्या. तिचा ऑटिझम समजावून सांगताना माझा घसा कोरडा पडला होता, तेव्हा एकही थांबली नव्हती. तरी खरं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं.

मृण्मयीने कानांवरचे हात काढले.

"आणखी काही आज्ञा, आई?" अध्यक्षांनी विचारलं.

"उद्यापण नको."

मी तोंड मिटलं, पदर डोक्यावर घेतला आणि पाया पडणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिले.